एक कौम, दोन देश आणि साडेतीन वर्षांचा संसार

८ डिसेंबर २०२४ रोजी बशर अल-असद दमास्कस सोडून पळाले आणि सीरियाच्या सरकारी इमारतींवरचा झेंडा लगोलग बदलला. लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, दोन हिरव्या ताऱ्यांचा झेंडा उतरला. हिरव्या-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, तीन लाल ताऱ्यांचा झेंडा वर गेला. असद घराण्याची राजवट संपली, एवढाच अर्थ बातम्यांनी त्यातून काढला आणि तो बरोबरच होता. पण उतरलेल्या झेंड्यावरचे ते दोन तारे असद घराण्याचे नव्हते. त्यातला एक सीरियाचा होता आणि दुसरा इजिप्तचा. १९५८ साली हे दोन देश मिळून एक देश झाले होते, त्याची ती खूण होती.

हा इतिहास सांगावासा वाटतो, कारण एक प्रश्न आपल्याकडे दोन्ही बाजूंनी विचारला जातो. जलशांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत आपलेच लोक कळवळून विचारतात, ‘एक अल्लाह, एक कुरआन, मग मुस्लिम देश एक का होत नाहीत?’ दुसरीकडे काही मंडळी आपल्याला सुनावतात, ‘तुमचे सत्तावन्न देश आहेत.’ जणू ते सगळे देश एकाच घरातल्या खोल्या आहेत. दोघांचे गृहीत मात्र एकच आहे, की धर्म, भाषा आणि संस्कृती एक असली की राज्य आपोआप एक होते, किंवा व्हायला हवे. इजिप्त आणि सीरियाने हे करून पाहिले. भाषा एक, बहुसंख्यांचा धर्म एक, शत्रू एक आणि नेताही एकच. तरी तो संसार साडेतीन वर्षांत मोडला.

मागणी सीरियाची होती

मोठ्या इजिप्तने लहान सीरियाला गिळले, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात विलीनीकरणासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते ते सीरियाचे लोक.

१९४६ साली फ्रेंचांच्या ताब्यातून सुटलेल्या सीरियाने १९४९ या एकाच वर्षात तीन लष्करी उठाव पाहिले. १९५४ मध्ये हुकूमशहा शिशकली गेला आणि निवडणुका झाल्या. संसदेत जमीनदारांचे जुने पक्ष होते, समाजवादी बाथ पक्ष होता आणि कम्युनिस्टही होते. वर्तमानपत्रे मोकळेपणाने भांडत होती. मात्र लष्करात गट पडले होते आणि अमेरिका व सोव्हिएत संघ दोघेही देशाला आपल्याकडे ओढत होते. १९५७ मध्ये तुर्कस्तानचे सैन्य सीमेवर येऊन उभे राहिले.

त्याच काळात कैरोत गमाल अब्देल नासर यांचा सितारा बुलंद होता. २६ जुलै १९५६ रोजी त्यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि त्यानंतरच्या हल्ल्यात ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांच्यापुढे ते झुकले नाहीत. कैरो रेडिओवरचे ‘सौत अल-अरब’, म्हणजे अरबांचा आवाज, हे प्रसारण गावोगावच्या चहाखान्यांत ऐकले जाई.

जानेवारी १९५८ मध्ये सीरियाचे लष्करप्रमुख अफीफ अल-बिज्री काही अधिकाऱ्यांना घेऊन कैरोला गेले. त्यासाठी त्यांनी आपल्या सरकारची रीतसर परवानगीही घेतली नव्हती. आम्हाला सामावून घ्या, ही त्यांची मागणी. नासर सुरुवातीला राजी नव्हते. मग त्यांनी अटी घातल्या. सीरियातले सगळे पक्ष बरखास्त करायचे, लष्कराने राजकारण सोडायचे, आणि संघराज्य नको, थेट एकच राज्य हवे. बाथ पक्षाच्या मनात संघराज्याची कल्पना होती. तरीही अटी मान्य झाल्या.

१ फेब्रुवारी १९५८ रोजी ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ जाहीर झाले. (आजच्या संयुक्त अरब अमिरातीशी त्याचा संबंध नाही. तिच्याकडे पुढे येतो.) २१ फेब्रुवारीला सार्वमत झाले. विलीनीकरण हवे का आणि नासर राष्ट्राध्यक्ष म्हणून मान्य आहेत का, या दोन्ही गोष्टींवर एकत्रच कौल घेतला गेला. होकार जवळजवळ शंभर टक्के निघाला. असे आकडे पाहिले की शंका येते आणि ती यावीच. पण दमास्कसच्या रस्त्यांवरचा उत्साह खोटा नव्हता. नासर तिथे पोहोचले तेव्हा लोटलेली गर्दी कोणी भाड्याने आणलेली नव्हती.

कैरोतून चाललेला कारभार

पहिला बदल नावांत झाला. सरकारी कागदांवर सीरिया ‘उत्तर प्रांत’ झाला आणि इजिप्त ‘दक्षिण प्रांत’. संयुक्त राष्ट्रांतल्या दोन जागांची एक जागा झाली. सीरियाचे राष्ट्राध्यक्ष शुक्री अल-कुवत्ली यांनी पद सोडले आणि त्यांना ‘पहिला अरब नागरिक’ हा किताब मिळाला. नाव दोघांचेही गेले, पण राजधानी कैरोच राहिली. इसवी सन ६६१ पासून उमय्या खिलाफतीची राजधानी असलेले दमास्कस आता प्रांताचे मुख्य ठिकाण होते.

१९६० च्या सुमारास इजिप्तची लोकसंख्या साधारण २ कोटी ६० लाख होती, सीरियाची ४५ लाख. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रीय सभा भरली तेव्हा तिच्या ६०० सदस्यांपैकी ४०० इजिप्तचे आणि २०० सीरियाचे होते. म्हणजे लोकसंख्येच्या मानाने सीरियाला दुपटीहून अधिक जागा मिळाल्या. कागदावर अन्याय कुठेच नव्हता. अडचण इतकीच होती की या सभेच्या हाती काही नव्हते. सदस्य नेमलेले होते आणि निर्णय राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात होत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. एखाद्या समाजाला किती खुर्च्या मिळाल्या हे आपण नेहमी मोजतो, त्या खुर्च्यांवरून काय ठरवता येते हे मोजत नाही.

पक्ष गेले आणि त्यांच्या जागी ‘राष्ट्रीय संघ’ ही एकच सरकारी संघटना आली. अब्दुल हमीद सर्राज यांच्या हाती पोलीस आणि गुप्तचर खाते आले. लेबनानचे कम्युनिस्ट नेते फरजल्लाह अल-हेलू १९५९ मध्ये दमास्कसच्या कोठडीत छळाने मरण पावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नासर यांचे जिवलग दोस्त, फील्ड मार्शल अब्देल हकीम आमेर, सीरियाचा कारभार पाहायला आले. डिसेंबरमध्ये बाथ पक्षाच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले. ज्यांनी विलीनीकरण घडवून आणले, ते दोन वर्षांच्या आतच बाहेर पडले.

सगळेच वाईट झाले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सप्टेंबर १९५८ च्या जमीन सुधारणा कायद्याने ओलिताची जमीन ८० हेक्टरपर्यंत आणि कोरडवाहू ३०० हेक्टरपर्यंत ठेवण्याची मर्यादा घातली. सीरियातल्या भूमिहीन कुळांना त्याची गरज होती. पण इजिप्तचा अनुभव नाईलच्या पाण्यावरच्या शेतीचा, आणि सीरियातली बरीचशी शेती पावसावर अवलंबून. त्यात नेमका १९५८ पासून सलग दुष्काळ पडला. कायद्याचा हेतू चांगला असला, तरी तो ज्या मातीसाठी आहे तिथल्या माणसाला विचारून करावा लागतो.

व्यापाऱ्यांना आशा होती की इजिप्तची मोठी बाजारपेठ खुली होईल. जुलै १९६१ मध्ये बँका, विमा कंपन्या आणि मोठे कारखाने सरकारजमा झाले. दमास्कसची ‘खुमासिया’ ही नावाजलेली कापड कंपनीही त्यात गेली. ऑगस्टमध्ये दोन्ही प्रांतांची वेगळी कार्यकारी मंडळे रद्द झाली आणि कैरोत एकच मंत्रिमंडळ उरले. लष्करात इजिप्शियन अधिकारी सीरियात मोक्याच्या जागी आले होते आणि अनेक सीरियन अधिकाऱ्यांची बदली इजिप्तला झाली होती. अशा रीतीने शेतकरी, व्यापारी, पक्ष आणि सैनिक, सगळ्यांचेच धागे एकेक करून तुटले.

२८ सप्टेंबर १९६१

त्या पहाटे दमास्कसमध्ये उठाव झाला. पुढारी होते लेफ्टनंट कर्नल अब्दुल करीम अल-नहलावी, म्हणजे खुद्द आमेर यांच्या कार्यालयातले अधिकारी. त्या दिवशी रेडिओवरून एकामागून एक निवेदने प्रसारित झाली. नवव्या निवेदनात सांगितले गेले की आमेर यांच्याशी समझोता झाला आहे आणि ऐक्य कायम राहील. दहाव्या निवेदनाने ते मागे घेतले. या दोन निवेदनांमधल्या काही तासांत या नात्याचा सगळा अर्थ सापडतो. उठाव करणाऱ्यांपैकी अनेकांना घर मोडायचे नव्हते, घरातला कारभार बदलायचा होता. कैरो त्याला तयार नव्हते.

नासर यांनी लताकियाकडे छत्रीधारी सैनिक पाठवले, पण अरबांनी अरबांचे रक्त सांडू नये म्हणून मोहीम तिथेच थांबवली. काही दिवसांनी त्यांनी जाहीर केले की सीरियाच्या संयुक्त राष्ट्रांतल्या आणि अरब लीगमधल्या प्रवेशाला आपण आड येणार नाही. ऑक्टोबरमध्ये सीरिया आपल्या जुन्या जागेवर परतला. नासर यांच्यावर टीका करण्यासारखे खूप आहे, पण या निर्णयाचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

वेगळे झालेल्यांनी आपल्या देशाला कोणते नाव दिले? आधी तो ‘सीरियन प्रजासत्ताक’ होता. कैरोपासून फारकत घेतल्यावर तो ‘सीरियन अरब प्रजासत्ताक’ झाला. फुटताना त्यांनी नावात ‘अरब’ हा शब्द वाढवला. आम्ही कैरोची हुकूमत नाकारली आहे, अरबपण नाही, असेच ते सांगत होते. इजिप्तनेही ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ हे नाव १९७१ पर्यंत एकट्याने वागवले.

मात्र त्या साडेतीन वर्षांनी मागे ठेवलेले काही ओझे उतरले नाही. कैरोत बदलीवर असलेल्या सीरियन अधिकाऱ्यांनी तिथेच एक गुप्त लष्करी समिती स्थापन केली होती. तिच्यात हाफिज अल-असद नावाचा एक तरुण वैमानिक होता. ८ मार्च १९६३ च्या उठावात ही समिती पुढे होती. त्या दिवशी लागू झालेली आणीबाणी २०११ पर्यंत उठली नाही. ऐक्यासाठी म्हणून बरखास्त केलेले पक्षजीवन आणि मोकळी वर्तमानपत्रे ऐक्य गेल्यावर परत आली, तीही जेमतेम दीड वर्षासाठी. दोन ताऱ्यांचा झेंडा १९८० मध्ये याच हाफिज अल-असद यांच्या राज्यात पुन्हा फडकला. तोवर ऐक्य फक्त कापडावर उरले होते.

अमिरातींनी वेगळे काय केले?

दहा वर्षांनी, २ डिसेंबर १९७१ रोजी, आखातात सहा अमिराती एकत्र आल्या. फेब्रुवारी १९७२ मध्ये रास अल-खैमा सातवी झाली. ही संयुक्त अरब अमिराती आजही टिकून आहे. रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत क्वचितच असे घर असेल, ज्याचा कोणी ना कोणी तिथे राबलेला नाही. त्यांना या देशाची रचना पुस्तकाविना ठाऊक आहे. गाडीची नंबरप्लेट दुबईची की शारजाची, पोलीस कुठल्या अमिरातीचे, हे त्यांना रोज पाहावे लागते.

तिथे राज्यघटनेनेच प्रत्येक अमिरातीचे तेल आणि नैसर्गिक संपत्ती त्या त्या अमिरातीकडे ठेवली. सात शासकांच्या सर्वोच्च परिषदेत महत्त्वाच्या निर्णयाला पाच मते लागतात आणि त्यात अबू धाबी व दुबई दोघेही असावे लागतात. चाळीस जागांच्या सल्लागार परिषदेत सर्वांत छोट्या अमिरातींनाही प्रत्येकी चार जागा आहेत. सामाईक चलन १९७३ मध्ये आले. सैन्य पूर्णपणे एक व्हायला मात्र १९९० चे दशक उजाडले आणि हंगामी राज्यघटना कायम झाली ती १९९६ मध्ये. चर्चेत सुरुवातीला असलेले बहरीन आणि कतार वेगळे राहिले, तर त्यांना कोणी गद्दार म्हटले नाही.

अमिरातीचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. तिथे जनतेला कोणी विचारले नव्हते, शासकांनी आपापसांत ठरवले. तेलाचा पैसाही होता. पण घाई न करण्याचा आणि प्रत्येकाच्या हाती काहीतरी ठेवण्याचा धडा तिथे आहे.

कौम आणि वतन

अरबी राजकारणात ‘कौमिय्या’ आणि ‘वतनिय्या’ असे दोन शब्द आहेत. पहिला सगळ्या अरबांच्या एका कौमीपणासाठी, दुसरा आपापल्या देशावरच्या निष्ठेसाठी. हे शब्द आपल्याला परके नाहीत. १९३८ मध्ये मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी, आजच्या काळात कौम वतनावरून ठरते, अशी मांडणी केली तेव्हा अल्लामा इक्बाल यांनी त्यावर कडक टीका केली होती. वाद जुना आहे. १९५८ ने त्यात एक अनुभव जोडला. दमास्कसच्या माणसाला कौम आणि वतन दोन्ही हवे होते. कौमच्या नावावर वतन काढून घेतले गेले, तेव्हा त्याने वतन निवडले आणि कौमचे नाव आपल्या वतनाला जोडून घेतले.

म्हणून ‘मुस्लिम देश एक का होत नाहीत’ असे विचारणाऱ्या भावांना मी इतकेच विचारतो. एक होऊन कारभार कोण पाहणार? कर कुठे जमा होणार? लहान प्रांताला ‘नाही’ म्हणता येणार का? या प्रश्नांची उत्तरे आयतीत शोधायची नसतात, ती राज्यघटनेत लिहावी लागतात. आणि सत्तावन्न देशांकडे बोट दाखवणाऱ्यांना सांगायचे, तर हजला आपण सगळे एका रांगेत उभे राहतो, यासाठी एका सरकारची गरज कधीच पडली नाही. उम्मत ही इबादतीतली आणि आपुलकीतली एकी आहे. कैरो आणि दमास्कसच्या माणसांना ती एकी साडेतीन वर्षांच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. मोडला तो फक्त एकाच्याच हाती असलेला कारभार.