पलटणीचे बंद दार

लष्करातील चाकरी हा कोकणातील व देशावरील अनेक महार कुटुंबांचा सन्मानाचा आधार होता. १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जातीं'च्या सिद्धांतापायी सरकारने ही भरती बंद केली. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. (फायलींत हयात गेलेल्या आम्हांस अर्जांचे असले नशीब परिचित आहे!) दार उघडले ते महायुद्धाला माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, आणि १९२१ मध्ये ती पलटणही मोडली. डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्याने ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावी महार रेजिमेंट उभी राहिली. वलंगकर १९०० मध्येच निवर्तले होते. रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात, सागर येथे आहे.