ड्रॅगन मारला कुणी? १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेअर’ची उपेक्षित कथा

१/ तलवार, मंत्रविद्या आणि अजस्र श्वापदे यांच्या चित्रपटांचा विषय निघाला की १९८२ चा ‘कोनन द बार्बेरियन’ प्रथम आठवतो. त्याच्या आदल्याच वर्षी, २६ जून १९८१ रोजी, अमेरिकेत ‘ड्रॅगनस्लेअर’ प्रदर्शित झाला होता. वरवर पाहता ती ड्रॅगनवधाची शौर्यकथा होती. तिचा खरा विषय मात्र वेगळा होता: बळी कुणाचा जातो आणि श्रेय कुणाला मिळते.

२/ दिग्दर्शक मॅथ्यू रॉबिन्स आणि निर्माता हॅल बारवूड यांनी मिळून ही कथा लिहिली. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘द शुगरलँड एक्सप्रेस’ची (१९७४) पटकथाही याच जोडीची. पॅरामाउंट आणि डिस्ने या दोन कंपन्यांनी संयुक्तपणे ‘ड्रॅगनस्लेअर’ची निर्मिती केली. चित्रीकरण ब्रिटनमध्ये झाले. वेल्सचे डोंगर आणि स्काय बेटाचा ओसाड भूभाग पडद्यावर दिसतो.

३/ काळ रोमन सत्तेनंतरच्या ब्रिटनचा, सहाव्या शतकातला. जुनी मंत्रविद्या मावळते आहे, ख्रिस्ती धर्म नुकताच पाय रोवतो आहे. अर्लंड नावाच्या काल्पनिक राज्याला व्हर्मिथ्रॅक्स पेजोरेटिव्ह या ड्रॅगनने ग्रासले आहे. राजा कॅसिओडोरसने त्याच्याशी एक प्रकारचा तह केला आहे: वर्षातून दोनदा, दिवस आणि रात्र समसमान असताना, चिठ्ठी टाकून निवडलेली एक कुमारिका त्याच्या हवाली करायची.

४/ हा कथाबंध प्राचीन आहे. तेराव्या शतकात याकोबस द वोरागिने याने संकलित केलेल्या लॅटिन संतचरित्रांत सेंट जॉर्जची कथा येते. तिथेही चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि अखेर राजकन्येचे नाव निघते. राजा सोने आणि अर्धे राज्य देऊ करतो, पण मुले गमावलेली प्रजा ते नाकारते. महाभारतातील एकचक्रानगरीत बकासुराकडे पाळीपाळीने माणूस पाठवावा लागतो. तिथला राजाही प्रजेचे रक्षण करण्यास असमर्थच.

५/ रॉबिन्स आणि बारवूड यांनी या बंधात एक विषारी तपशील पेरला. अर्लंडमध्ये चिठ्ठ्या सर्वांच्या नावाने पडत नाहीत. धनिक पैसे मोजून आपल्या मुलींची नावे वगळून घेतात. राजकन्या एल्स्पेथचे नाव तर कधी त्यात टाकलेच गेलेले नाही. ‘थोडे जीव देऊन उरलेले राज्य वाचवावे’ हा राजाचा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो. ते थोडे जीव नेहमी इतरांच्याच घरातले असतात, हे कळल्यावर त्याचा अर्थ पालटतो.

६/ मदतीची याचना करायला अर्लंडची काही माणसे अखेरचा मांत्रिक उलरिक याच्याकडे जातात. ही भूमिका ज्येष्ठ ब्रिटिश नट राल्फ रिचर्डसन यांची. या मंडळींचा तरुण म्होरक्या व्हॅलेरियन वस्तुतः मुलगी आहे. चिठ्ठीतून वाचावी म्हणून लोहार बापाने तिला जन्मापासून मुलगा म्हणून वाढवले आहे. कॅटलिन क्लार्कने ही भूमिका संयतपणे उभी केली.

७/ राजाचा सरदार टायरियन उलरिकच्या सामर्थ्याची परीक्षा मागतो. उलरिक त्याला छातीत खंजीर खुपसायला सांगतो आणि तत्काळ कोसळून मरतो. उरतो तो त्याचा शिकाऊ शिष्य गेलन. पीटर मॅकनिकोलचा हा पहिलाच चित्रपट. गेलन उत्साही, काहीसा बढाईखोर आणि बव्हंशी अपयशी आहे. तो दरड कोसळवून ड्रॅगनची गुहा बुजवतो, गावात विजयोत्सव होतो, आणि ड्रॅगन अधिकच चवताळून बाहेर पडतो.

८/ (पुढे कथेचा शेवट उघड होतो.) सत्य कळताच एल्स्पेथ सर्व चिठ्ठ्यांवर स्वतःचेच नाव घालते. राजाचा तत्त्वविचार त्याच क्षणी ढासळतो आणि तो गेलनकडे धाव घेतो. प्रेक्षकाला वाटते, आता नायक राजकन्येला वाचवणार. तसे होत नाही. ती स्वेच्छेने गुहेत शिरते आणि ड्रॅगनची पिल्ले तिला खातात. डिस्नेचा सहभाग असलेल्या चित्रपटात १९८१ साली हे दृश्य होते.

९/ व्हर्मिथ्रॅक्सच्या निर्मितीने चित्रपटतंत्राच्या इतिहासात मोलाची भर घातली. तोवर असे प्राणी ‘स्टॉप मोशन’ने हलवले जात. बाहुली किंचित हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची. प्रत्येक चित्रात बाहुली निश्चल असल्याने गतीचा स्वाभाविक धूसरपणा येत नसे आणि हालचाल तुटक भासे.

१०/ जॉर्ज लुकासच्या ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’मध्ये फिल टिपेट आणि सहकाऱ्यांनी यावर ‘गो मोशन’ हा उपाय विकसित केला. बाहुलीला जोडलेल्या दांड्या संगणकनियंत्रित मोटारींनी हलत. कॅमेऱ्याची झडप उघडी असतानाच बाहुली हलत असल्याने चित्रात धूसरपणा उतरे आणि वजनदार, जिवंत देहाचा भास होई. मृत पिल्लांना थुंकाटाने हलवून पाहणारी व्हर्मिथ्रॅक्स म्हणूनच केवळ राक्षस वाटत नाही. ती एक आईही वाटते.

११/ योगायोग असा की अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी, १२ जून १९८१ रोजी, ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ झळकला होता. स्टॉप मोशनचा महान कलावंत रे हॅरीहाउसेन याचा तो अखेरचा चित्रपट. एका युगाची अखेर आणि पुढच्या पायरीचा आरंभ एकाच महिन्यात पडद्यावर आले.

१२/ त्याच १२ जूनला ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ही आला, आणि १९ जूनला ‘सुपरमॅन २’. एवढ्या गर्दीत ‘ड्रॅगनस्लेअर’चा निभाव लागला नाही. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाची अमेरिकेतील तिकीटविक्री १ कोटी ४० लाखांच्या आसपास राहिली. डिस्नेच्या नावावर मुलांना घेऊन येणाऱ्यांना तो फार भीषण होता, आणि निखळ पराक्रम हवा असणाऱ्यांना फार उदास.

१३/ दृश्य परिणामांच्या ऑस्कर नामांकनात मात्र तो ‘रेडर्स’च्या बरोबरीने उभा राहिला. पुरस्कार ‘रेडर्स’ला मिळाला. दोन्ही कामे एकाच संस्थेची होती. अॅलेक्स नॉर्थ यांच्या संगीतालाही नामांकन होते. स्टॅन्ली क्युब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी नाकारलेल्या त्यांच्या संगीताचा काही अंश त्यांनी इथे वापरला होता.

१४/ गो मोशनचे आयुष्यही अल्पच ठरले. ‘ज्युरासिक पार्क’मधील (१९९३) डायनोसॉरांसाठी आधी हेच तंत्र योजले होते. ऐनवेळी संगणकनिर्मित चित्रांनी त्याची जागा घेतली. तरीही टिपेटच्या प्राणिगतीच्या जाणकारीवाचून काम अडले असते. तो त्या चित्रपटात राहिला आणि ऑस्करचा एक मानकरी झाला.

१५/ राहता राहिला प्रश्न ड्रॅगन मारला कुणी, हा. गेलनचा भाला निष्फळ ठरतो. आपल्या राखेतून पुन्हा प्रकटलेला उलरिक त्याला सांगतो की योग्य क्षणी मंत्रमणी फोड. मणी फुटताच उलरिकच्या देहाचा स्फोट होतो आणि त्याला पंजात घेऊन उडणारा ड्रॅगन आकाशातून कोसळतो. जगातली शेवटची जादू स्वतःचा नाश करून जगातल्या शेवटच्या ड्रॅगनला संपवते.

१६/ मग कलेवराभोवती माणसे जमतात. नवदीक्षित ख्रिस्ती ही देवाची कृपा मानून प्रार्थना करतात. राजाची स्वारी येते. कॅसिओडोरस मेलेल्या देहात तलवार खुपसतो आणि त्याच्या नावाने ‘ड्रॅगनहंता’ अशी ललकारी उठते. मांत्रिकाचे नाव कुणी घेत नाही. एल्स्पेथचेही नाही.

१७/ चित्रपट संपतो तिथे इतिहासाचा प्रश्न सुरू होतो. अर्लंडची बखर उद्या लिहिली गेली तर तीत दोनच विजेते असतील, राजा आणि धर्मपीठ. चिठ्ठीत नाव निघालेल्या मुलींची यादी कुणी ठेवलेली नसेल. विजयस्तंभावरील कोणताही लेख वाचताना हे शेवटचे दृश्य आठवावे.