पायातली कडी आणि मुंबईचा पत्ता

सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की आमच्या वाडीतल्या जुन्या मराठी घरांत ग्रंथालये आठवतात, सक्तीचे शिक्षण आठवते. डभोईजवळचे वढवाणा तळे क्वचितच कोणाला आठवते. गायकवाडी राज्याने १९०९-१० च्या सुमारास ते शेतीच्या पाण्यासाठी बांधले. थंडीत तेथे उत्तरेकडची बदके आणि हिमालय ओलांडून येणारे राजहंस उतरतात व उन्हे तापू लागली की निघून जातात. पण कोठे?

या प्रश्नाचा माग काढण्याची युक्ती डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाची. (आमच्याच पेशातला माणूस, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) त्याने १८९९ साली साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालून त्यांना सोडून दिले. पुढे उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर याच कामाचे मोठे केंद्र उभे राहिले. हिंदुस्थानात मात्र आरंभ झाला तो १९२७ साली धारला, पवारांच्या मराठी संस्थानात. पाठबळ धारच्या महाराजांचे, काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे.

कडीवर क्रमांक आणि मुंबईस कळविण्याची इंग्रजी सूचना, एवढाच मजकूर. सारी मदार पलीकडच्या अनोळखी माणसावर! ती कडी बहुधा शिकाऱ्याच्याच हाती पडायची. त्याने पत्र धाडले तर प्रवास कळला, नाही तर पक्षीही गेला आणि माहितीही गेली. संस्थानिकांच्या शिकारीवर आपण टीका करतो, ती योग्यच आहे. परंतु बंदुकीच्या त्या जगातूनच हे शास्त्र निघाले, हेही मान्य करावे लागते.

१९५७ साली आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडताप उद्भवला. त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो आला काय, असा संशय आला आणि १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अलींनी कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. पण भारतात कडी घातलेली बदके थेट सायबेरियात सापडली, आणि प्रश्नाचे उत्तर मिळाले.

वढवाण्याला २०२१ साली रामसर यादीत स्थान मिळाले. दिवाळीनंतर सहकुटुंब जाऊन यावे. एखाद्या मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी दिसलीच तर क्रमांक, दिवस व गाव लिहून पत्र मुंबईस टाकावे. जिवंत पक्ष्याची कडी मात्र काढू नये.