आत्मकारक म्हणजे काय? कुंडलीतून ‘आयुष्याचं ध्येय’ कसं शोधतात आणि उत्तर का बदलतं?

‘तुमचा जन्म कशासाठी झालाय? जन्मतारीख कमेंट करा.’ अशी रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आली असेल. नोकरी बदलायची की नाही, पुढे शिकायचं की घरचा व्यवसाय सांभाळायचा, असे प्रश्न डोक्यात असताना ती बघून थांबायला होतं. पण कुंडलीतून हे उत्तर काढतात तरी कसं?

जुन्या ग्रंथांत ‘लाइफ पर्पज’ अशी संकल्पना नाही. तिथे आहेत धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ. कुंडलीची बारा स्थानं या चौघांत वाटलेली आहेत. १, ५, ९ ही धर्माची. २, ६, १० अर्थाची. ३, ७, ११ कामाची आणि ४, ८, १२ मोक्षाची. ध्येयाचा प्रश्न आला की ज्योतिषी सहसा धर्मत्रिकोण बघतात, म्हणजे लग्न, पंचम आणि नवम स्थान. सोबत कर्माचं म्हणून दशम स्थान. पंचमावरून पूर्वपुण्य आणि बुद्धी, नवमावरून भाग्य आणि गुरू.

सोशल मीडियावर सध्या जास्त बोलबाला आहे तो मात्र ‘आत्मकारका’चा.

आत्मकारक कसा काढतात?

ही पद्धत जैमिनी परंपरेतली. प्रत्येक राशी ३० अंशांची असते. रवीपासून शनीपर्यंतच्या सात ग्रहांपैकी जो आपल्या राशीत सगळ्यात जास्त अंश पुढे गेलेला असेल, तो आत्मकारक. समजा शनी २८ अंशांवर आहे आणि बाकी सगळे २२ च्या आत, तर शनी तुमचा आत्मकारक. मग ‘तुम्ही कष्ट, शिस्त आणि सेवा शिकायला आलात’ असं वाचन होतं. शुक्र असेल तर नाती आणि कला, बुध असेल तर वाणी आणि व्यवहार. पुढे हा ग्रह नवमांश कुंडलीत कुठल्या राशीत पडतो तेही बघतात, त्याला कारकांश म्हणतात.

काही जण सातऐवजी आठ ग्रह धरतात. आठवा राहू, आणि तो उलटा चालतो म्हणून त्याचे अंश ३० मधून वजा करायचे. म्हणजे दोन ज्योतिषांकडे गेलात तर इथेच दोन आत्मकारक निघू शकतात.

पंचांग बदललं की काय होतं?

राशीचक्र नेमकं कुठून मोजायला सुरुवात करायची, यावर आपल्याकडे एकमत नाही. हा आरंभबिंदू आणि वसंतसंपात यांतल्या अंतराला अयनांश म्हणतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रा नक्षत्रावर आधारित अयनांश स्वीकारला. बहुतेक मोबाइल अ‍ॅप्स तोच वापरतात. पण टिळक पंचांग रेवती नक्षत्रावरून मोजतं. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. कोकणातल्या काही घरांत काही वर्षी गणपती बाकीच्यांपेक्षा महिनाभर आधी बसतात, ते याच फरकामुळे.

आता वरचा शनी आठवा. टिळक पंचांगाप्रमाणे प्रत्येक ग्रहाच्या अंशांत साधारण ४ ची भर पडते. २८ चा शनी ३० ओलांडून पुढच्या राशीत २ अंशांवर जातो. पहिल्या नंबरवरून थेट तळाला! आत्मकारक दुसराच ग्रह होतो. माणूस तोच, जन्मवेळ तीच, ‘ध्येय’ मात्र वेगळं.

महादशेचंही तसंच. विंशोत्तरी दशा जन्माच्या वेळी चंद्र नक्षत्रात किती पुढे गेला होता, यावर ठरते. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. त्यात ४ अंशांचा फरक म्हणजे तीस टक्के. शुक्राची महादशा २० वर्षांची, म्हणजे तिथे ६ वर्षांची तफावत. ‘पंचविशीनंतर दिशा सापडेल’ आणि ‘एकतिशीनंतर सापडेल’ यांत बरंच आयुष्य जातं.

जन्मवेळेचा घोळ वेगळाच. लग्नराशी साधारण दोन तासांनी बदलते, पण नवमांशातलं लग्न सरासरी १३ मिनिटांनी. घाईगर्दीत नोंदलेली वेळ एवढी अचूक असेलच असं नाही.

राहू-केतूवाल्या रील्सबद्दल एक गोष्ट. हे दोघे एका राशीत जवळपास दीड वर्ष असतात. म्हणजे नुसत्या राशीवरून सांगितलेलं ‘तुमचं राहूचं ध्येय’ तुमच्या वर्गातल्या बहुतेकांना लागू होतं.

याची कधी चाचणी झाली आहे का?

थेट ध्येयाची नाही, पण त्याहून सोप्या प्रश्नाची झाली आहे. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना आवाहन केलं. २०० मुलांच्या पत्रिका गोळा केल्या होत्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. कोणती पत्रिका कुठल्या गटातली, एवढंच सांगायचं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. सर्वाधिक बरोबर उत्तरं २४ होती, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्यापेक्षाही कमी. नाणं उडवून साधारण २० बरोबर येतात.

तरीही अनेकांना पत्रिका दाखवून आल्यावर हलकं वाटतं, आणि ते खोटं नसतं. तासभर कोणीतरी फक्त तुमच्याबद्दल बोलतं, काय आवडतं, कशात अडकलाय ते विचारतं. घरी हा प्रश्न काढला की ‘आधी नोकरी बघ’ एवढंच ऐकू येतं, तिथे हे मोठंच.

अडचण सुरू होते ती त्या उत्तरावर राजीनामा लिहिला जातो किंवा हजारोंचं रत्न घेतलं जातं तेव्हा. दाखवायला जाणारच असाल, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: अयनांश कोणता, कारक सात की आठ, आणि जन्मवेळ दहा मिनिटं पुढेमागे झाली तर यातलं काय बदलेल?