गव्हाचे कुळ आणि संकराची भीती

संकर हा शब्द आपल्याकडे फार काळ शिवीसारखाच वापरला गेला. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला जी भीती वाटते, तीतही वर्णसंकर आहेच. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कॉलेज पाहिले नाही, जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात. तरीही हा विषय घेतला, कारण या भीतीला चोख उत्तर आपल्या ताटातल्या पोळीत आहे.

प्रथम जुन्या पंडितांचे म्हणणे पाहू. अठराव्या शतकात लिनियसने वनस्पतींची वर्गवारी लावली, तेव्हा निर्मात्याने घडवल्या तितक्याच जाती जगात आहेत, असे तो मानीत असे. उतारवयात मात्र संकरातूनही नव्या जाती होत असाव्यात, असे त्याला वाटू लागले. त्याच सुमारास कोलरॉयटर या जर्मन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या दोन जातींचा संकर केला. रोपे आली, पण वांझ. त्याने त्यांना वनस्पतींतली खेचरे म्हटले. उपमा योग्यच होती. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३. त्यांच्या जोड्या नीट जमत नाहीत, म्हणून खेचराचा वंश चालत नाही. बहुतेक संकरांची वाट अशीच खुंटते.

मग नवी जात निघते कशी? १९१७ साली डेन्मार्कच्या विंगे यांनी तर्क मांडला की, संकरात सर्व गुणसूत्रे दुप्पट झाली तर प्रत्येकाला जोडीदार मिळेल आणि वांझपणा सरेल. पुढच्याच वर्षी जपानमध्ये साकामुरा यांनी गव्हाची गुणसूत्रे मोजली. गव्हाचे तीन गट निघाले: १४, २८ आणि ४२. सातारा-सांगलीकडचा खपली गहू २८ वाला. कांडल्याशिवाय त्याचे टरफल सुटत नाही. आपला नेहमीचा पोळीचा गहू ४२ वाला. उरलेली १४ आली कोठून?

१९४४ साली जपानचे किहारा आणि अमेरिकेचे मॅकफॅडन व सीअर्स यांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले. दोन्ही देश तेव्हा एकमेकांशी लढत होते. तरी दोघांनीही बोट ठेवले ते एजिलॉप्स नावाच्या एकाच रानगवतावर. या गवताची गुणसूत्रे १४. त्याचा खपलीच्या कुळातल्या गव्हाशी संकर करून गुणसूत्रे दुप्पट झाली, तेव्हा प्रयोगशाळेत ४२ वाला फलद्रूप गहू उभा राहिला. डार्विनने १८५९ साली जीवसृष्टीचा इतिहास फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखा मांडला होता. येथे दोन फांद्या पुन्हा एकत्र येऊन तिसरी निघाली होती, आणि तीही लाखो वर्षांत नव्हे, मोजक्या पिढ्यांत.

शेतात हीच घटना कॅस्पियन समुद्राच्या परिसरात सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी घडली. खपलीसारखा गहू पेरीत शेतकरी तिकडे सरकले, तेथे हे गवत तणासारखे उगवत होते. दोहोंच्या मीलनातून जे दाणे निपजले, ते कोणीतरी राखले आणि पुन्हा पेरले. त्या गवताने गव्हाला थंडी सोसण्याची ताकद दिली आणि पाव फुगवणारा चिकटपणा दिला. पोळीचा गहू रानात आपोआप वाढलेला कोणालाही सापडलेला नाही. तो निसर्गाचा संकर खरा, पण त्याला जगवले ते नाव न राहिलेल्या कष्टकऱ्यांनी. इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या वंशावळी सापडतात; या मंडळींना तेथे एक ओळही नाही.

शेवटी एक खुलासा. गव्हावरून माणसांचे कायदे काढावेत, असे आम्ही म्हणत नाही. पण जीवशास्त्राच्या अर्थाने माणसाची जात एकच आहे. कोणत्याही दोन घरांतील विवाह हा त्या अर्थाने संकर ठरतच नाही. आणि दोन खऱ्या वेगळ्या जातींचा संकर झाला, तेव्हा जगातल्या कोट्यवधी माणसांचे अन्न निर्माण झाले. शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्याने जेवायला बसताना एवढे ध्यानात ठेवावे.