हाय खाणें

घरांतला कर्ता पुरुष गेला आणि पाठोपाठ वर्षाच्या आंत त्याची पत्नीहि गेली, म्हणजे मराठी माणूस म्हणतो, तिनें हाय खाल्ली. या दोन शब्दांत रोगाचें नांव आहे, त्याचें कारण आहे, आणि अधिक चौकशीची गरज नाहीं असा निर्वाळाहि आहे. काळजाला घरें पडणें, ऊर फुटणें, काळजाचें पाणी होणें, हे वाक्प्रचार ज्यांनीं घडविले त्यांना दुःख आणि हृदय यांचें नातें कोणी शिकविलें नव्हतें. परंतु भाषेची साक्ष वैद्यकाच्या दरबारीं चालत नाहीं. तेथें गणती लागते. स्त्रीच्या बाबतींत ही गणती फार उशिरां झाली. ती कां उशिरां झाली याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्राचीनांना हें नातें ठाऊक होतें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत हृद्रोगाचीं कारणें सांगतांना अतिश्रम आणि तीक्ष्ण रेचकें यांच्या रांगेंत चिंता, भय आणि त्रास यांनाहि बसविलें आहे. इंग्लंडांत विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, त्याच ग्रंथांत सुख, दुःख, आशा, भीति यांचा प्रत्येक क्षोभ हृदयापर्यंत जाऊन पोहोंचतो असें त्यानें नमूद केलें. त्या काळीं लंडन शहरांत मृत्यूंच्या याद्या छापून निघत. १६३२ सालच्या यादींत क्षय, ताप, देवी यांच्या सोबत ‘शोक’ असें एक सदर आहे, आणि त्यापुढें अकरा हा आंकडा आहे. ते अकरा जण पुरुष होते कीं स्त्रिया, हें मात्र यादी सांगत नाहीं.

पुढें विल्यम हेबर्डेन हा लंडनचा नामांकित वैद्य झाला. चालतांना छाती आवळून टाकणारी व थांबतांच शमणारी जी कळ, जिला हृच्छूल म्हणतात, तिचें पहिलें रेखीव वर्णन त्यानें १७६८ सालीं वैद्यांच्या सभेपुढें वाचलें. १७७२ सालीं तें छापून निघालें. उत्तरायुष्यांत त्यानें आपल्या रोग्यांची मोजदाद दिली आहे. सुमारें शंभर रोगी त्यानें पाहिले. त्यांपैकीं स्त्रिया तीन, एक बारा वर्षांचा मुलगा, आणि बाकीचे सारे पन्नाशीच्या आसपासचे किंवा पन्नाशी उलटलेले पुरुष. हेबर्डेन सचोटीचा माणूस होता. जें दिसलें तें त्यानें लिहिलें. परंतु त्याच्या दारापर्यंत येत कोण, हा प्रश्न पुढील शंभर-सव्वाशें वर्षें फारसा कोणास सुचला नाहीं, आणि हृच्छूल हा पुरुषांचा रोग अशी समजूत रूढ होऊन बसली.

मनाचा हृदयावर परिणाम होतो हें त्या वैद्यांना मान्य नव्हतें असें नाहीं. प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर स्वतः हृच्छूलानें पीडित होता. आपल्याला चिडविणाऱ्या कोणाहि लुच्च्याच्या हातीं आपला प्राण आहे, असें तो म्हणे म्हणतात. आणि खरोखरच १७९३ सालीं इस्पितळाच्या सभेंत कडाक्याचा वाद झाला असतां तो तेथेंच गेला. पुरुषाचा क्रोध त्याच्या हृदयास भोंवतो, हें या उदाहरणानें सर्वांस पटलें. स्त्रीच्या दुःखाला तशी प्रतिष्ठा मिळाली नाहीं. तिच्या छातींत कळ आली तर ती मज्जातंतूंच्या दुबळेपणाची, उन्मादाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘खोटा हृच्छूल’ असें नांवच प्रचारांत आलें, आणि तें बहुधा स्त्रियांच्याच वांट्यास येई. विल्यम ऑस्लरसारख्या थोर वैद्यानेंहि १९१० सालच्या व्याख्यानांत हृच्छूलाचा खरा रोगी रंगविला तो धट्टाकट्टा, महत्त्वाकांक्षी, आपलें यंत्र सदैव पूर्ण वेगानें हांकणारा पुरुष. नाजूक, हळव्या प्रकृतीचा माणूस नव्हे. अशा रीतीनें स्त्री दोन्हीकडून मुकली. तिचें दुःख मानलें गेलें, पण तें हृदयापर्यंत पोहोंचतें हें मानलें गेलें नाहीं.

१९३७ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील बेंजामिन माल्झबर्ग या संख्याशास्त्रज्ञानें मनोरुग्णालयांतील मृत्यूंचे आंकडे तपासले. उतारवयांतील विषादाचे जे रोगी तेथें होते, त्यांच्यांत हृदयविकारानें होणारे मृत्यु सर्वसाधारण लोकांपेक्षां कितीतरी अधिक आढळले. या विषादाचे रोगी बहुतांशीं ऋतुनिवृत्तीच्या वयांतील स्त्रियाच असत. इतका स्पष्ट पुरावा हातीं असूनहि त्याचा पाठपुरावा लगेच झाला नाहीं, हें नवल होय.

१९४८ सालीं अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम या गांवीं ५२०९ रहिवाशांची तपासणी सुरू झाली. त्यांत २८७३ स्त्रिया होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. रक्तदाब, मेद, धूम्रपान यांची नोंद होऊं लागली. मनाविषयीं सविस्तर प्रश्न मात्र १९६५ नंतर विचारले गेले. त्या उत्तरांतून जें निघालें तें कोणत्याहि शहरी घरास ओळखीचें वाटेल. १९८० सालीं सुझान हेन्स व मॅनिंग फाइनलीब यांनीं दाखविलें कीं कारकुनी करणाऱ्या व मुलेंबाळें असलेल्या स्त्रियांत हृदयविकार अधिक; त्यांतहि ज्यांचा वरिष्ठ सांभाळून घेणारा नव्हता व ज्या राग गिळून बसत, त्यांच्यांत विशेष. १९९२ सालीं वीस वर्षांच्या पाहणीचा अहवाल निघाला. घरीं राहणाऱ्या ज्या स्त्रियांना पुढें हा विकार जडला, त्यांनीं पूर्वींच सांगून ठेवलें होतें: दिवसा एकटें वाटतें, रात्रीं झोप लागत नाहीं, जिवाची घालमेल होते, आणि विसाव्यासाठीं वर्षानुवर्षें कोठें जाणें होत नाहीं.

इतरत्र मात्र पुरुषांचीच गणती चालू होती. शोकानें हृदय फुटतें काय, हें पाहण्यासाठीं १९६९ सालीं इंग्लंडांत जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तोहि ४४८६ विधुरांचा; विधवा त्यांत नव्हत्या. ॲस्पिरिनचा हृदयास उपयोग होतो कीं नाहीं, याचा अमेरिकेंतील मोठा प्रयोग २२,०७१ डॉक्टरांवर झाला, आणि ते सर्व पुरुष. १९९१ सालीं हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली या बाईंनीं यावर कडक लेख लिहिला. पुरुषवेष घेऊन विद्या मिळविणाऱ्या यिडिश कथेंतील येंटलचें नांव त्यांनीं या रोगास दिलें. स्त्रीला आपलें हृदय पुरुषाइतकेंच आजारी असल्याचें आधीं सिद्ध करावें लागतें, मग उपचार मिळतो, असा त्यांचा रोख होता. अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंशोधन संस्थांच्या त्या पहिल्या स्त्री-संचालक. त्यांच्याच कारकीर्दींत स्त्रियांच्या आरोग्याची मोठी पाहणी हातीं घेण्यांत आली.

तिचें फळ २००४ सालीं दिसलें. पन्नास ते एकोणऐंशी वयाच्या ९३,६७६ स्त्रियांची सरासरी चार वर्षें नोंद ठेवली होती. ज्यांना पूर्वीं हृदयविकार नव्हता परंतु विषादाचीं लक्षणें होतीं, त्यांच्यांत हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारानें मरण येण्याचा संभव दीडपट ठरला. आणि तोहि रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, स्थूलपणा यांचा हिशेब वजा करून. २००९ सालीं ६३,४६९ परिचारिकांच्या पाहणीनेंहि हेंच दर्शविलें. येथें विषाद म्हणजे चार दिवसांची खिन्नता नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप, भूक व जगण्यांतली गोडी हिरावून घेणारा तो विकार आहे. अलीकडे त्यास नैराश्य म्हणतात.

आकस्मिक शोकाचें प्रकरण याहून निराळें. १९९० सालीं हिकारू साटो व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनीं एक विचित्र हृदयविकार वर्णिला. रक्तवाहिन्या मोकळ्या, तरीहि हृदयाचें टोंक फुग्याप्रमाणें फुगलेलें. त्याचा आकार अष्टपाद पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा, म्हणून त्या मडक्याचें नांव, ताकोत्सुबो, रोगास मिळालें. या रोगाचे दहांपैकीं सुमारें नऊ रोगी स्त्रिया, बहुतेक उतारवयाच्या. २००४ सालीं निईगाता भागांत भूकंप झाला त्यानंतर असे रोगी एकाएकीं वाढले. सुदैवानें हें हृदय बहुधा कांहीं आठवड्यांत पूर्ववत् होतें.

विषादाचा घाला असा उघड दिसत नाहीं. क्षोभाच्या वेळीं स्रवणारीं द्रव्यें दीर्घकाळ वाढलेलीं राहतात, रक्त गोठण्याकडे झुकतें, रक्तवाहिन्यांत दाह राहतो, नाडीचा लवचिकपणा कमी होतो. शिवाय उदास स्त्री फिरावयास जात नाहीं, औषध वेळेवर घेत नाहीं. उलट, हृदय आधींच आजारी असेल तर त्याच्या थकव्यानेंहि मन खचतें. कारण कोणतें व कार्य कोणतें हें प्रत्येक वेळीं निवडतां येत नाहीं. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या २४८१ विषण्ण किंवा एकाकी रोग्यांवर मानसोपचाराचा एक मोठा प्रयोग झाला. त्यांत स्त्रिया शेंकडा चव्वेचाळीस होत्या. २००३ सालीं त्याचा निकाल लागला. रोग्यांचें मन कांहींसें सुधारलें, परंतु मृत्यु अथवा पुन्हां येणारे झटके घटले नाहींत. विषाद हटविल्यानें स्त्रीचें हृदय वांचतें काय, याचा शोध त्यानंतरहि चालूच राहिला आहे.