अमृतसरचे तंबू

मनोरुग्णाला घरच्यांनी सांभाळणं ही आपली जुनी रीत, असं आपण अभिमानाने म्हणतो. इतिहास पाहिला की हा अभिमान निम्माच खरा ठरतो. मनोरुग्णांविषयीच्या १९१२च्या कायद्यात नातेवाइकाने अर्ज करायचा, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढायचा आणि इस्पितळाने माणूस ताब्यात घ्यायचा. त्यानंतर नातेवाईक फाटकाबाहेर. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी सुमारे १०,००० खाटा होत्या. म्हणजे बहुतेक रुग्ण घरी, नाहीतर देवळात, दर्ग्यात, रस्त्यावर होते. घर सांभाळत होतं, पण एकट्याने, काही न कळता. कुटुंबाचा आधार रक्तातून आपोआप येत नाही, तो कुणीतरी शिकवावा आणि उभा करावा लागतो. आपल्याकडे तो कसा उभा राहिला, हे पाहायचं तर पंजाबात जावं लागतं.

फाळणीनंतर लाहोरच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रुग्ण १९५० साली अमृतसरला आणले गेले. मंटोच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेमुळे ही अदलाबदल वाचकांना माहीत असते, पुढे अमृतसरला काय घडलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिथल्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. जागा अपुरी आणि माणसं कमी, ही अडचण त्यामागे होतीच. पण त्यांनी नातेवाइकांना फुकटचे मदतनीस मानलं नाही. त्यांना एकत्र बसवून ते आजाराविषयी बोलत आणि ही बाधा नाही, पूर्वजन्मीचं पाप नाही, हे पटवून देत. घरी गेल्यावर कसं वागायचं, हे माणसं तिथेच शिकत. रुग्ण लवकर सुधारत आणि घरी परतत, असा तिथला अनुभव होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७पासून हीच वाट धरली.

इथे कुणी म्हणेल, क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध त्याच दशकात आलं, मग गुण गोळीचा की तंबूचा? गोळीचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. पण गोळीने शांत झालेल्या माणसाला न्यायला फाटकावर कुणी आलंच नाही, तर तो आतच राहतो. आणि घरी गोळी रोज वेळेवर द्यायला, ती का बंद करायची नाही हे समजलेलं माणूस लागतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुटुंबच छळतं, साखळीने बांधतं, टाकून देतं. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका जागी ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात असलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. २५हून अधिक माणसं गेली. अशा ठिकाणी रुग्णाला बहुतेकदा नातेवाईकच पोचवतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या घराशी कुणी डॉक्टर कधी बसून बोललाच नाही, ते घर साखळीपर्यंत पोचतं. एरवाडीवरून कुटुंबं निर्दय ठरवण्याआधी, त्यांच्यासाठी तंबू कुठे होता, हे विचारलं पाहिजे.

आपण अमृतसरचा अर्धाच धडा उचलला. ‘रुग्णासोबत एक नातेवाईक हवा’ हा नियम राहिला, त्याच्याशी बोलणं गळून पडलं. आणि हा ‘एक नातेवाईक’ बहुतेक घरांत बाईच असते. आई, बायको, सून. कुटुंबाचा गौरव म्हणजे बायकांच्या माथी ओझं, हा आक्षेप मला सर्वात खरा वाटतो. व्यसनाच्या बाबतीत तर दुप्पट खरा, कारण नवऱ्याच्या दारूचा दोषही तिच्यावरच येतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. त्याचं महत्त्व मी उपचाराइतकंच मानतो. नवरा पितो तो तुझ्यामुळे नाही, हे तिला तिच्यासारख्याच दहाजणींमध्ये बसून ऐकायला मिळतं. पुण्यातच १९९७ साली कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनियाग्रस्तांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी संस्था काढली. घरातल्या आजारपणामुळे त्यांना हा प्रश्न जवळून माहीत होता. रुग्णाची काळजी घेणाऱ्यालाही कुणाची तरी साथ लागते, हा विचार या दोन्ही कामांत आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा हक्क दिला. तो नातेवाईकच असला पाहिजे, अशी अट नाही. छळणाऱ्या घरांसाठी हे योग्यच झालं. याच कायद्याच्या अठराव्या कलमात, सरकारने पुरवायच्या सेवांमध्ये, रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवाही आहेत. तुमच्या घरात असं आजारपण असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन ही सेवा कुठे मिळते, ते विचारा आणि नसेल तर लेखी मागा.